एकच स्क्रिप्ट, अनेक मशीन : ‘मी कुठे चालतेय?’ याचं उत्तर पुन्हा पुन्हा का चुकतं

दोन-चार मशीनवर मिळून एकच स्क्रिप्ट वापरणाऱ्यांना हा त्रास चांगलाच ओळखीचा असतो. स्क्रिप्ट सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये, गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत) किंवा शेअर्ड ड्राइव्हवर असते. तिच्यात वरच एक अट असते : मशीनचं नाव ‘सागर’ असेल तर बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घे, ‘वारा’ असेल तर सर्व्हरवर पाठव, यांपैकी काहीच नसेल तर तिसऱ्या ठिकाणी टाक. लिहिली त्या दिवशी सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस लॅपटॉपवरचा बॅकअप भलतीकडेच गेलेला दिसतो. आपण अटीत आणखी एक नाव घालतो, काम भागतं, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

असं होतं, कारण दुरुस्ती दरवेळी अटीची होते आणि अट ज्यावर उभी आहे ती गोष्ट तशीच डळमळीत राहते. मशीनचं नाव हे मुळात नेटवर्कवरच्या इतरांना त्या मशीनपर्यंत पोचता यावं म्हणून असतं. नेटवर्क बदललं, डोमेन बदललं, त्याच नावाचं दुसरं मशीन आलं की ते बदलू शकतं. शिवाय हे नाव विचारायचे मार्ग अनेक आहेत आणि ते सगळे एकच उत्तर देतील असं नाही. म्हणून आधी नेमकं कुठे बिनसतंय ते शोधायचे मार्ग सांगतो, आणि मग हा प्रश्न पुन्हा उद्भवू नये म्हणून काय करावं ते.

आधी स्क्रिप्टला काय दिसतंय ते बघा

अटीला हात लावण्यापूर्वी स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला एक ओळ घाला, जी लॉग फाइलमध्ये एवढं लिहील : वेळ, मशीनचं नाव, त्या नावाची लांबी, कोणत्या युजरच्या नावाने चालतेय, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, आणि स्क्रिप्टच्या फाइलचा पूर्ण पाथ. नाव चौकटी कंसात छापा, म्हणजे मागे-पुढे स्पेस असेल तर लगेच दिसेल. लांबी छापायची सूचना क्षुल्लक वाटेल, पण अर्ध्या केसेस तिथेच उलगडतात.

ही ओळ जिथे बिघाड होतो त्याच परिस्थितीत चालवायची. स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून किंवा टास्क शेड्यूलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीतून, चालत असेल आणि आपण दिवसा टर्मिनल उघडून हाताने तपासत असू, तर तपास दुसऱ्याच गोष्टीचा होतो. क्रॉनमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला मिळणाऱ्या किमती, अगदी मोजकी असतात, शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, वेगळं असू शकतं, कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी (पाथ) तोकडी असते. हाताने चालवल्यावर बरोबर येणारं नाव तिथे चुकीचं किंवा रिकामं येणं यात नवल काहीच नाही. लॉग फाइल मात्र सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. दोन मशीननी एकाच वेळी तिच्यात लिहिलं तर काही नोंदी हरवतील किंवा फाइलच्या दोन प्रती होतील. प्रत्येक मशीनचा लॉग त्याच्याच डिस्कवर असू द्या.

नाव रिकामंच येत असेल

लिनक्स किंवा मॅकवर ‘होस्टनेम’ नावाचं मोठ्या अक्षरांतलं व्हेरिएबल वापरलं असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. हे व्हेरिएबल सिस्टीम देत नाही, बॅश शेल स्वतःपुरतं भरतं. डेबियन आणि उबुंटूवर साधं ‘एसएच’ म्हणजे बॅश नसून डॅश असतं, आणि डॅश हे व्हेरिएबल भरत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशऐवजी ‘एसएच’ लिहिलेलं असेल, किंवा कुणी ती ‘एसएच’ला देऊन चालवली असेल, तर नाव रिकामं येतं आणि अट सरळ शेवटच्या ‘नाहीतर’मध्ये जाते. झेडशेलमध्ये अशाच कामाच्या व्हेरिएबलचं नाव नुसतं ‘होस्ट’ आहे. मॅकवर आता झेडशेल हेच डीफॉल्ट आहे, त्यामुळे तिथे हा गोंधळ हमखास होतो.

आणखी एक पेच. बॅश हे व्हेरिएबल भरतं, पण एक्स्पोर्ट करत नाही, म्हणजे आपण सुरू केलेल्या प्रोग्रॅमकडे पुढे देत नाही. त्यामुळे बॅशच्या प्रॉम्प्टवर ते व्यवस्थित छापलं जातं, आणि तिथूनच सुरू केलेल्या पायथनच्या स्क्रिप्टला मात्र ते एन्व्हायर्नमेंटमध्ये सापडत नाही. काही डिस्ट्रिब्यूशन लॉगिनच्या वेळी ते एक्स्पोर्ट करतात, काही करत नाहीत. म्हणूनच ‘माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे का नाही’ असे संवाद होतात.

उपाय सोपा आहे : व्हेरिएबलवर विसंबू नका, सिस्टीमला थेट विचारा. शेल स्क्रिप्टमध्ये ‘युनेम’ कमांडला ‘एन’ हा पर्याय देऊन विचारणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, कारण ती पॉझिक्स या युनिक्स-पद्धतीच्या सिस्टीमसाठीच्या मानकात आहे. ‘होस्टनेम’ ही कमांड त्या मानकात नाही आणि काही आटोपशीर लिनक्स इन्स्टॉलेशनवर ती बसवलेलीच नसते. पायथनमध्ये ‘सॉकेट’ मॉड्यूलमधलं ‘गेटहोस्टनेम’ वापरा. त्याच मॉड्यूलमध्ये पूर्ण डोमेनसकट नाव देणारं ‘गेटएफक्यूडीएन’ आहे, ते या कामासाठी टाळा. ते नावाच्या शोधात डीएनएसकडे, म्हणजे नेटवर्कवर नावं आणि पत्ते सांगणाऱ्या सेवेकडे, जाऊ शकतं. नेटवर्क नसताना स्क्रिप्ट तिथे अडकून बसते, आणि नेटवर्क बदललं की उत्तरही बदलू शकतं.

नाव बरोबर दिसतं, तरी अट जुळत नाही

यात सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण डोळ्यांना चूक दिसत नाही. एक प्रसंग जवळून बघू. विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, आहे. त्यातल्या बॅश स्क्रिप्टमधून कुणीतरी विंडोजचीच ‘होस्टनेम डॉट ईएक्सई’ चालवली आणि तिचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेतलं. स्क्रीनवर ‘वारा’ असं स्वच्छ दिसतं. अटीतही ‘वारा’च आहे. तरी अट खोटी ठरते. आता लांबी छापली तर चार अक्षरांच्या नावाची लांबी पाच येते. पाचवं अक्षर म्हणजे कॅरेज रिटर्न, कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेणारं न दिसणारं चिन्ह. विंडोजच्या प्रोग्रॅमनी ओळ संपवताना कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन असे दोन्ही लिहिले. बॅश आउटपुट पकडताना शेवटची न्यूलाइन काढून टाकतं, पण कॅरेज रिटर्नला हात लावत नाही. चौकटी कंसात छापलं असतं तर कंस पूर्ण होण्याऐवजी कर्सर ओळीच्या सुरुवातीला जाऊन बंद कंस पहिल्या अक्षरावर छापलेला दिसला असता. असा विचित्र कंस दिसला की समजायचं, हेच आहे. ‘टीआर’ कमांडने ते अक्षर काढून टाकलं की अट जुळते.

विंडोजच्या बॅच फाइलमध्ये याचाच भाऊबंद आहे. ‘सेट’ने व्हेरिएबल भरून त्याच ओळीत पुढे दोन अँड चिन्हं देऊन दुसरी कमांड लिहिली, तर मधली स्पेसही व्हेरिएबलच्या किमतीत जाते. ‘सेट’ची पूर्ण जोडी, म्हणजे नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत, अवतरणचिन्हांत घेतली की हा घोळ संपतो.

मग लहान-मोठ्या अक्षरांचा प्रश्न. विंडोजचं ‘कॉम्प्युटरनेम’ हे व्हेरिएबल नाव सगळं मोठ्या लिपीत देतं, ‘होस्टनेम’ कमांड मात्र नाव ठेवताना जसं लिहिलं तसं देते. तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजू छोट्या लिपीत आणा, म्हणजे हा विषयच उरत नाही. लांबीचाही फरक आहे. ‘कॉम्प्युटरनेम’ हे जुन्या नेटबायोस पद्धतीचं नाव आहे, त्यात १६ बाइटची जागा असते, शेवटचा बाइट प्रकारासाठी राखीव, म्हणजे नावाला १५ उरतात. मशीनची नावं विभाग, मजला आणि शेवटी अनुक्रमांक अशी लांबलचक ठेवली असतील तर नेमका अनुक्रमांकच कापला जातो, आणि ज्याच्यावरून ओळखायचं तेच गायब होतं. लिनक्समध्ये मर्यादा ६४ आहे, त्यामुळे तिथे सहसा अडत नाही.

शेवटी डोमेनची शेपटी. तेच मशीन कधी नुसतं ‘सागर’ सांगतं, कधी ‘सागर डॉट लोकल’, तर कधी पुढे संस्थेचं पूर्ण डोमेन लावून. पहिल्या टिंबाच्या पुढचं सगळं कापून मगच तुलना करा.

नाव स्वतःहून बदलत असेल

मॅक वापरणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. मॅकला एक नसून तीन नावं असतात : कॉम्प्युटरनेम, म्हणजे सेटिंग्जमध्ये दिसणारं, स्पेसही चालणारं नाव, लोकलहोस्टनेम, म्हणजे जवळच्या नेटवर्कवर ‘डॉट लोकल’ लावून चालणारं, आणि होस्टनेम. हे तिसरं बऱ्याच मॅकवर ठरवलेलंच नसतं. मग सिस्टीम ते नेटवर्कवरून ठरवते : राउटरने काही नाव दिलं असेल तर ते, नाहीतर लोकलहोस्टनेम. म्हणून एका ठिकाणच्या वायफायवर स्क्रिप्टला एक नाव मिळतं आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरंच.

आणखी एक गोष्ट घडते. नेटवर्कवर तेच नाव आधीच कुणी वापरत असल्याचं दिसलं तर मॅक स्वतःच्या नावापुढे २ लावतं. यात बिघाड काही नाही. ‘डॉट लोकल’ नावांचा २०१३चा आरएफसी ६७६२ हा इंटरनेट मानकाचा दस्तऐवज नावांची टक्कर झाल्यावर वेगळं नाव घ्यायलाच सांगतो. गंमत अशी की कधीकधी टक्कर त्याच मशीनशी होते. वायफाय आणि केबल दोन्ही एकाच नेटवर्कला जोडलेली असतील तर मॅकला आपलीच जुनी घोषणा दुसऱ्याची वाटू शकते, आणि नावाला आकडा चिकटतो. यावर ‘एससीयुटिल’ कमांडने तिन्ही नावं वाचून बघा, आणि त्याच कमांडने होस्टनेम पक्कं ठरवून टाका. निदान नेटवर्कमुळे होणारे बदल तरी थांबतात.

लिनक्सवर सिस्टमडी, म्हणजे सिस्टीम सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम, असेल तर ‘होस्टनेमसीटीएल’ चालवा. तिथे स्थिर नाव आणि तात्पुरतं नाव वेगळं दिसतं. स्थिर नाव ठरवलेलं नसेल, किंवा ते नुसतं ‘लोकलहोस्ट’ असेल, तर डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर मशीनला पत्ता वाटणाऱ्या सेवेकडून, आलेलं तात्पुरतं नाव लागू होऊ शकतं. स्थिर नाव नीट ठरवलं की प्रश्न मिटतो.

डॉकरमध्ये कंटेनरला, म्हणजे प्रोग्रॅम चालवायच्या बंदिस्त खोक्याला, वेगळं नाव दिलं नसेल तर कंटेनरच्या आयडीची पहिली १२ अक्षरं हेच त्याचं नाव होतं, आणि नवा कंटेनर म्हणजे नवं नाव. तिथे नावावरून ओळख ठरवायचा विचारच सोडा. कंटेनर सुरू करताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन त्याचं काम सांगा.

स्क्रिप्ट खरंच कुठे चालतेय?

काही वेळा स्क्रिप्ट नाव बरोबर सांगत असते आणि चूक आपल्या समजुतीत असते. शेअर्ड ड्राइव्हवरची फाइल डबल क्लिक केली तर ती ड्राइव्ह असलेल्या सर्व्हरवर चालत नाही, तुमच्या मशीनवर चालते. सर्व्हर फक्त फाइल वाचायला देतो. रिमोट डेस्कटॉपमध्ये उलट : समोरचा लॅपटॉप तुमचा असला तरी स्क्रिप्ट पलीकडच्या मशीनवर चालते. तिथे ‘कॉम्प्युटरनेम’मध्ये पलीकडच्या मशीनचं नाव असतं आणि ज्या लॅपटॉपवरून जोडलात त्याचं नाव ‘क्लायंटनेम’ या व्हेरिएबलमध्ये मिळतं.

एसएसएचचा, म्हणजे दूरच्या मशीनवर कमांड चालवायच्या साधनाचा, एक सापळा नव्या-जुन्या सगळ्यांना चकवतो. पलीकडच्या मशीनवर कमांड पाठवताना ती दुहेरी अवतरणात लिहिली, आणि तिच्यात होस्टनेमचं व्हेरिएबल असलं, तर आपल्याच मशीनचं शेल ते आधी उलगडतं आणि आपलंच नाव त्या कमांडमध्ये बसवून पलीकडे पाठवतं. उत्तर येतं आपल्या मशीनचं. वाटतं, एसएसएच जोडलंच गेलं नाही की काय. एकेरी अवतरणात लिहा, म्हणजे व्हेरिएबल पलीकडे जाऊन उलगडेल.

क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक मशीनच्या (नोडच्या) संचावर, काम करणाऱ्यांसाठी याहून खोल खड्डा आहे. तिथे होम फोल्डर सगळ्या नोडवर सामाईक असतं, म्हणजे स्क्रिप्ट अगदी खऱ्या अर्थाने सामाईक. स्लर्म हा नोडना कामं वाटणारा प्रोग्रॅम जॉब पाठवताना तुमचं एन्व्हायर्नमेंट डीफॉल्टने सोबत नेतो. लॉगिन नोडवर होस्टनेम एक्स्पोर्ट झालेलं असेल तर ते जॉबसोबत कंप्युट नोडवर पोचतं. आणि बॅश सुरू होताना हे व्हेरिएबल आधीच भरलेलं दिसलं तर त्याला हात लावत नाही. परिणामी जॉब कंप्युट नोडवर जोरात चालू असतो आणि लॉगमध्ये नाव लॉगिन नोडचं. ‘युनेम’ मात्र तिथेही खरं सांगतं, कारण ती त्या क्षणी कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, विचारते.

डब्ल्यूएसएलमध्ये लिनक्सचं नाव डीफॉल्टने विंडोजसारखंच असतं, त्यामुळे नावावरून दोघांतला फरक कळत नाही. फरक हवा असेल तर कर्नलच्या आवृत्तीच्या ओळीत मायक्रोसॉफ्ट हा शब्द आहे का ते बघा. आणि स्क्रिप्ट ऑनलाइन स्प्रेडशीटला जोडलेली असेल, तर ती सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर चालते. तिला तुमच्या कॉम्प्युटरचं नाव कळणं शक्यच नाही. तिथे युजर कोण एवढंच विचारा.

मग हार्डवेअरचा नंबरच घेतला तर?

नावाला कंटाळलेली माणसं इथेच येतात. लिनक्सवर ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये मशीन-आयडी नावाची फाइल असते, तिच्यात ३२ हेक्स अक्षरं. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘क्रिप्टोग्राफी’ या कीखाली मशीनजीयूआयडी असतो. मॅकवर ‘आयओरेज’ कमांडने प्लॅटफॉर्मचा यूयूआयडी मिळतो. हे नावांपेक्षा नक्कीच स्थिर आहेत. पण यांच्याही अटी आहेत, आणि त्या माहीत नसल्या तर आपण एका खड्ड्यातून दुसऱ्यात पडतो.

पहिली अडचण क्लोनची. व्हर्च्युअल मशीनची प्रत काढली की मशीन-आयडीचीही प्रत निघते. दोन वेगळी मशीन एकच ओळख सांगू लागतात. याचं बाहेर दिसणारं लक्षणही आहे : सिस्टमडीचं नेटवर्क डीएचसीपीला ओळख देताना मशीन-आयडीचा आधार घेतं, त्यामुळे अशा दोन प्रतींना कधीकधी एकच आयपी मिळतो. इमेज तयार करताना ती फाइल रिकामी करून ठेवा, म्हणजे पहिल्या बूटला नवा आयडी तयार होतो. फाइल डिलीट करू नका, रिकामी करा.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. मशीन-आयडी गुप्त समजावा, नेटवर्कवर उघडा टाकू नये असं सिस्टमडीची माहितीपुस्तिकाच सांगते. सामाईक स्क्रिप्टमध्ये सगळ्यांचे मशीन-आयडी जसेच्या तसे लिहून ती गिटमध्ये टाकणं म्हणूनच बरोबर नाही. त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला, उलट मूळ आयडी न सांगणारा संकेतांक, काढून वापरा.

विंडोजवर ३२ बिट पायथन किंवा ३२ बिट प्रोग्रॅममधून मशीनजीयूआयडी वाचायला गेलात तर तो सापडत नाही, कारण ६४ बिट विंडोज अशा प्रोग्रॅमना रजिस्ट्रीची वेगळी शाखा दाखवतं. ६४ बिट शाखा हवी असं स्पष्ट मागावं लागतं. मदरबोर्डचे सीरियल नंबर तर मी सुचवतच नाही. लिनक्सवर ते वाचायला रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, लागतं, आणि कित्येक बोर्डांवर उत्पादकाने ती जागा न भरता ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ असा मजकूर तसाच सोडलेला असतो. तो मजकूर ओळख म्हणून वापरला तर अनेक मशीन एकच ठरतील.

मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता (ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही), तोही नको. वायफायचा वेगळा, केबलचा वेगळा, डॉकचा वेगळा, आणि हल्ली वायफायचा पत्ता खाजगीपणासाठी बदलता ठेवायची सोय सर्रास असते. पायथनचं ‘यूयूआयडी’ मॉड्यूल ‘गेटनोड’मधून पत्ता देतं, पण खरा पत्ता सापडला नाही तर ते तक्रार न करता यादृच्छिक ४८ बिटांचा आकडा देतं. म्हणजे दर वेळी नवीन मशीन.

जे टिकतं ते

माझं स्पष्ट मत आहे : ओळख शोधत बसण्यापेक्षा मशीनवर आपणच ती लिहून ठेवावी. प्रत्येक मशीनवर एक छोटी फाइल, तिच्यात एक ओळ, आणि त्या ओळीत मशीनच्या नावापेक्षा त्याची भूमिका. ‘बॅकअप-बाहेरची-डिस्क’, ‘बॅकअप-सर्व्हर’, ‘फक्त-वाचन’. स्क्रिप्टला खरं तर मशीन कोणतं याच्याशी कर्तव्य नसतंच, तिथे काय करायचं एवढंच तिला हवं असतं. लॅपटॉप बदलला तर नव्या लॅपटॉपवर तीच भूमिका लिहायची, स्क्रिप्टला हात लावायचा नाही.

ही फाइल कुठे ठेवायची यावर सगळं अवलंबून आहे. सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवली तर एका मशीनवर लिहिलेली भूमिका थोड्या वेळात सगळीकडे पोचेल आणि सगळी मशीन एकच होतील. हे वाचताना उघड वाटतं, पण कुठलं फोल्डर सिंक होतंय हे दर वेळी दिसत नाही. विंडोजवर वनड्राइव्ह आणि मॅकवर आयक्लाउड, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं सिंकमध्ये घेऊ शकतात. ॲपडेटामधलं ‘रोमिंग’ फोल्डर डोमेनमध्ये युजरसोबत मशीन बदलतं. क्लस्टरवर तर अख्खं होम फोल्डरच सामाईक. म्हणून विंडोजवर ‘प्रोग्रॅमडेटा’, लिनक्सवर ‘ईटीसी’, मॅकवर मूळ डिस्कवरच्या ‘लायब्ररी’तलं ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’ अशी मशीनची स्वतःची जागा निवडा. याचा आणखी फायदा असा की शेड्यूलरमधून सिस्टीम खात्याने चाललेली किंवा ‘सुडो’ने चाललेली स्क्रिप्टही तीच फाइल वाचते. युजरच्या फोल्डरमध्ये ठेवली असती तर रूटचं होम वेगळं, सिस्टीम खात्याचं वेगळं, आणि फाइल ‘नाही’ असं उत्तर आलं असतं.

फाइल वाचताना मागची-पुढची स्पेस आणि कॅरेज रिटर्न छाटून टाका. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे ५.१ आवृत्तीत, बाण चिन्हाने लिहिलेली फाइल यूटीएफ-१६मध्ये जाते. ती पायथनने यूटीएफ-८ समजून वाचली तर एरर येईल, बॅशने वाचली तर अक्षरं जुळणार नाहीत. फाइल तयार करतानाच एन्कोडिंग स्पष्ट सांगा, आणि भूमिकांची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फाइल नसेल, रिकामी असेल किंवा तिच्यातली भूमिका ओळखीची नसेल तर स्क्रिप्टने थांबलंच पाहिजे. तिथे ‘नाहीतर हे कर’ अशी सोय ठेवू नका. आरसिंक, म्हणजे फोल्डरची हुबेहूब प्रत ठेवणारी कमांड, ‘डिलीट’ पर्यायासकट चालवणारी स्क्रिप्ट मनात आणा. ती मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फाइली पोचलेल्या जागेवरून पुसते. मशीन चुकीचं ओळखलं, मूळ फोल्डर म्हणून रिकामं फोल्डर मिळालं, तर ती पलीकडचा चांगला बॅकअप इमानेइतबारे पुसून टाकेल आणि यशस्वी झाल्याचा कोड परत देईल. अशा स्क्रिप्टला अनोळखी मशीनवर एकच गोष्ट करता यावी : ‘या मशीनची भूमिका ठरलेली नाही, अमुक ठिकाणी फाइल तयार करा’ असा संदेश, आणि शून्याहून वेगळा एक्झिट कोड, म्हणजे शेड्यूलरलाही कळेल की काम झालं नाही.

एक पळवाट अजून बुजवायची आहे. नवं मशीन घेतलं आणि जुन्याची पूर्ण डिस्क त्यावर उतरवली, तर भूमिकेची फाइलही सोबत येते आणि दोन मशीन एकच भूमिका सांगू लागतात. यासाठी फाइलमध्ये दुसरी ओळ ठेवा : ती लिहिली त्या वेळचा मशीनच्या आयडीचा हॅश. स्क्रिप्ट दर वेळी हॅश पुन्हा काढते आणि फाइलमधल्याशी ताडून बघते. जुळला नाही तर थांबते आणि माणसाला विचारते. इथे हार्डवेअरचा किंवा सिस्टीमचा आयडी ओळख ठरवत नाही, फक्त ओळखीला दुजोरा देतो. आणि त्या कामासाठी तो पुरेसा आहे. प्रत काढताना मशीन-आयडीही जसाच्या तसा आला असेल तर हा पहाराही चुकेल, म्हणून व्हर्च्युअल मशीनच्या इमेजमध्ये भूमिकेची फाइल ठेवूच नका.

‘एका वेळी एकाच मशीनने चालवावं’ अशी गरज असेल तर सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये लॉक फाइल टाकून भागत नाही. सिंक व्हायला लागणाऱ्या वेळात दुसऱ्या मशीनला ती दिसतच नाही. आणि लॉकमध्ये नुसता प्रोसेस नंबर लिहिला असेल तर तो दुसऱ्या मशीनवर निरर्थक असतो, तिथे त्याच नंबरची वेगळीच प्रोसेस चालू असू शकते. ते काम करण्याची भूमिका एकाच मशीनला द्या, बाकीच्यांना देऊच नका.

जुनी स्क्रिप्ट बदलताना घाई करू नका. आधी सगळ्या मशीनवर भूमिकेच्या फाइली तयार करा. मग स्क्रिप्टमध्ये जुनी नावाची अट आणि नवी भूमिकेची तपासणी दोन्ही ठेवा, पण काम जुन्याच अटीने होऊ द्या आणि दोघांचं उत्तर वेगळं आलं तर फक्त लॉगमध्ये नोंद करा. प्रत्येक मशीनवर स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी, शेड्यूलरमधूनच, काही वेळा चालून जाऊ द्या. लॅपटॉप दोन-तीन वेगवेगळ्या नेटवर्कवरून जोडून बघा, मॅक असेल तर केबल आणि वायफाय दोन्ही लावून. नोंदींमध्ये जिथे जिथे फरक दिसेल तिथे जुनी अट का चुकली ते वरच्या कारणांतून शोधा. फरकाची सगळी कारणं कळली की जुनी अट काढून टाका, आणि मशीन निवृत्त करताना त्यावरची भूमिकेची फाइल पुसायचं काम तुमच्या यादीत लिहून ठेवा.